खड्डे मे महिन्यातच खणा

अरे, टेकडीवर झाडं लावायची म्हणताय ना, मग पहिल्याच वर्षी पाचशे रोपांचा आकडा धरू नका. पन्नास लावा, पण जगवा. कॉलेजात असताना आम्ही हौसेनं टेकडीभर रोपं लावली आणि एप्रिलपर्यंत नुसत्या काड्या उरल्या, ते मला अजून सलतं. खड्डे मे महिन्यातच दोन फूट खणून तापू द्या. रोपं मात्र दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरच. रोपाची काळी पिशवी ब्लेडनं उभी चिरा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. तळाशी मुळं गुंडाळलेली दिसली तर तेवढी छाटा. करंज, बहावा, आपटा, कडुनिंब निवडा. गिरिपुष्प हे परदेशी झाड झटपट वाढतं, पण आपल्या टेकड्यांवर ते नकोच. फेब्रुवारीपासून पाणी कोण घालणार, ती नावं लावणीआधीच ठरवा. आणि गुराख्यांना भेटा, बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण तेच नीट दाखवतील.