नववीचा वर्ग पहिल्यांदाच मिळालाय ना?

सर, वर्गशिक्षक झालात, अभिनंदन! समुपदेशनाची जाडजूड पुस्तकं आत्ता बाजूला ठेवा. पहिल्या सहामाहीत तीनच गोष्टी सांभाळा.

१. हजेरी घेताना मान वर करा. "हजर" म्हणणारा आवाज बदलला, डबा न उघडता परत गेला, तर लक्षात ठेवा. रात्री दोनपर्यंत रील्स बघणारं पोर आणि घरातल्या भांडणामुळे न झोपलेलं पोर पहिल्या तासाला सारखंच पेंगतं. आधी विचारा, मग रागवा.

२. विचारायचं ते एकट्याला, पण बंद खोलीत नाही. मी वह्यांचा गठ्ठा उचलायला बोलावतो. व्हरांड्यातून बरोबर चालताना मुलं बोलतात. समोर बसवलं की गप्प.

३. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मी दिलं होतं, पहिल्याच वर्षी. मुलीच्या हातावरचे वळ बघून ते मोडावं लागलं. वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे. जीव नकोसा झालाय असं कुणी म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, मुख्याध्यापकांना लगेच सांगा. टेली-मानस (मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ आणि चाइल्डलाइन (मुलांसाठीची हेल्पलाइन) १०९८, दोन्ही नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम असू द्या.

नवखे हमखास चुकतात ते पालकसभेत, सगळ्यांदेखत मार्क वाचून. आणि "आमच्या वेळी..." हे तर नकोच. (माझंही अजून सुटलेलं नाही.)

मोबाइल जप्तीचं दिवाळीनंतर बघू.