फोनवरून बीपी-शुगरचे उपचार : पैसे नेमके कुठे वाचतात?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. तिला बीपी आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. बीपी आटोक्यात येत नाही म्हणून दर महिन्याला तिला नाशिकला न्यावं लागतं. माझी बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं आणि खाणं मिळून १,२०० रुपये जातात, तपासणीची फी ५०० वेगळी. डॉक्टर व्हिडिओवर ४०० रुपयांत तपासतात. एका कंपनीचं वर्षाला ९,००० रुपयांचं पॅकेजही आहे. त्यात ग्लुकोमीटर आणि शुगर मोजायच्या रोजच्या पट्ट्या मिळतात. काय परवडेल?
— एक वाचक, जव्हार

उत्तर : पॅकेज घेऊ नका. व्हिडिओ तपासणी जरूर सुरू करा, पण ती नाशिकच्या फेरीऐवजी व्हायला हवी, फेरीच्या जोडीला नव्हे.

आज तुमचे वर्षाला २०,४०० रुपये जातात. तीन वेळा प्रत्यक्ष गेलात आणि नऊ वेळा व्हिडिओवर दाखवलंत, तर ८,७०० होतात. बीपी मशीनचे साधारण २,००० धरले तरी पहिल्याच वर्षी ९,७०० वाचतात. फेऱ्या तशाच ठेवून वर पॅकेज घेतलंत, तर खर्च २९,४००! इंग्लंडमध्ये ३,२३० रुग्णांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात हेच दिसलं. नेहमीच्या उपचारांवर घरची यंत्रं आणि देखरेख यांची भर घातली, तर निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे सुमारे ९२,००० पौंड खर्च निघाला. त्या वेळी तिथे ३०,००० च्या पुढचा खर्च सहसा परवडणारा मानत नसत.

याउलट, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच दुसऱ्या चाचणीत रुग्णांनी घरी बीपी मोजला आणि डॉक्टरांनी त्या आकड्यांवरून गोळ्या बदलल्या. वर्षभरात त्यांचा वरचा बीपी इतरांपेक्षा साडेतीन ते पाचने कमी राहिला. आकडे मोबाइलवरून पाठवणारे आणि कागदावर लिहून टपालाने पाठवणारे, यांच्यात फारसा फरक नव्हता. म्हणजे वहीच्या पानाचा फोटो पुरेसा आहे.

आकडे मात्र खरे हवेत. मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, दंडाच्या घेराला बसतो का ते दुकानातच पाहा. जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी जास्त दिसतो आणि गोळी विनाकारण वाढते. तपासणीआधी सात दिवस सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. आईंना पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसवा; हात छातीच्या उंचीवर, बोलणं बंद. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ च्या खाली असावी. दवाखान्यातल्या १४०/९० च्या तोडीचा हा आकडा आहे.

रोजच्या पट्ट्यांचा खर्च बहुतेक वेळा वाया जातो. फक्त गोळ्या घेणाऱ्यांना रोज शुगर मोजून फारसा फायदा होत नाही. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, करा. गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल तर शुगर एकदम उतरू शकते, तेवढ्यासाठी ग्लुकोमीटर आणि थोड्या पट्ट्या घरी असाव्यात. डबीचं झाकण उघडं राहिलं तर तुमच्याकडच्या पावसाळी दमटपणात पट्ट्या खराब होतात. आंबा खाऊन हात न धुता मोजलं, तर शुगर खोटीच वाढलेली दिसते.

तीन फेऱ्या मात्र टाळू नका. पायांची संवेदना, डोळ्यांचा पडदा, आणि मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन व रक्तातलं क्रिएटिनिन हे वर्षातून एकदा तपासायलाच हवं. शिवाय २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार त्याच डॉक्टरांकडची फेरतपासणी, म्हणजे फॉलोअप, प्रत्यक्ष भेटीपासून सहा महिन्यांपर्यंतच धरली जाते. छातीत दुखणं, एका बाजूची शक्ती जाणं, पायाला जखम यांसाठी फोनची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

४०० रुपयेही जड जात असतील, तर गावच्या आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. सरकारी ई-संजीवनीवरून ते डॉक्टरांशी मोफत व्हिडिओ जोडून देतात. जाताना सात दिवसांची वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.