चेक थांबवू नका, भांडण काचेचंच राहू द्या

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. घराचं काम काढलं तेव्हा मोठ्या बाथरूममध्ये बिनफ्रेमचं काचेचं पार्टिशन आणि दार बसवायचं ठरलं. पुण्यातल्या एका शोरूमला काम दिलं. त्यांच्या कोटेशनमध्ये दोन पर्याय होते. ‘ऑप्शन ए’ म्हणजे १० एमएम क्लिअर टफन (तापवून मजबूत केलेली साधी काच), ५६,५०० रुपये. ‘ऑप्शन बी’ म्हणजे १० एमएम एक्स्ट्रा क्लिअर टफन (तशीच, पण जवळपास बिनरंगी), ६८,००० रुपये. टाइल्स पांढऱ्याशुभ्र असल्यामुळे आम्ही मुद्दाम बी घेतला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तसं कळवलं. ४०,००० रुपये ऑनलाइन भरले, उरलेल्या २८,०००चा पुढच्या तारखेचा चेक दिला. काच बसली तर सगळी हिरवट. कडा तर चांगलीच हिरवी. दुसऱ्याच दिवशी फोटो पाठवून तक्रार केली. ते म्हणतात, टफन केल्यावर थोडी झाक येतेच, आणि आयएसआय मार्क आहे, मग अडचण काय? बिलावर नुसतं ‘१० एमएम टफन ग्लास’ लिहिलंय. खाली छापलंय, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वाद पुणे न्यायालयाच्या कक्षेत.’ महिना झाला, वापर चालू आहे. चेकची तारीख दहा दिवसांवर आली. मिस्टर म्हणतात, बँकेला सांगून चेक थांबव. थांबवू का? आणि काच बदलून मिळेल का?

उत्तर : आधी चेकचं बोलू, कारण घड्याळ तिथे चालू आहे. थांबवू नका.

तुमच्या मिस्टरांचा राग रास्त आहे आणि कायद्यातही त्याला थोडा आधार आहे. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ५९ प्रमाणे विक्रेत्याने हमी मोडली तर ग्राहक तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागू शकतो. तुम्ही बाकीचे पैसे रोखीने किंवा ऑनलाइन देणार असता, तर मी स्वतःच म्हटलं असतं की वादाची रक्कम हातात ठेवा आणि तसं लेखी कळवा. पण तुम्ही चेक दिलाय. ‘पेमेंट स्टॉप’ म्हणून परत आलेला चेकही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, म्हणजे चेक न वटण्याच्या गुन्ह्यात, येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली मोदी सिमेंट्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. खात्यात पुरेसे पैसे होते आणि थांबवण्याला खरं कारण होतं, असा बचाव घेता येतो, हेही न्यायालयाने पुढे म्हटलं आहे. मात्र तो बचाव आरोपी म्हणून उभं राहून तुम्हाला सिद्ध करावा लागतो. चेक देणं लागत होता म्हणूनच दिला, असं गृहीतक कायदा आधीच धरून चालतो.

आता व्यवहारी हिशेब बघा. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत शोरूमवाला नोटीस पाठवेल. नोटीस मिळाल्यावर तुम्हाला पंधरा दिवस. त्यात पैसे गेले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात तो फौजदारी तक्रार करू शकतो. ती चालणार कुठे? ज्या शाखेत त्याचं खातं आहे तिथल्या न्यायालयात, म्हणजे बहुतेक पुण्यात. समन्स, वकीलपत्र, जामीन, तारखा. ज्याने चुकीची काच बसवली तो फिर्यादी आणि तुम्ही आरोपी, असा उलटा देखावा होईल. तडजोडीच्या टेबलावर मग काचेचं नाव कुणी काढणार नाही. ‘केस मागे घेतो, तुम्ही काचेचं सोडा’ एवढंच ऐकायला मिळेल. हे मी अनेक अशिलांच्या बाबतीत पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी मूळ तक्रार खरीच होती.

म्हणून २८,००० खात्यात ठेवा आणि चेक वटू द्या. पण तो गुपचूप वटू देऊ नका. तारखेच्या आधी शोरूमला ईमेल करा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवा. मजकूर साधा असू द्या : ‘अमुक तारखेच्या कोटेशनमधील ऑप्शन बी, १० एमएम एक्स्ट्रा क्लिअर टफन काच, आम्ही मान्य केली होती. आपण बसवलेली काच त्या वर्णनाची नाही. याबाबत अमुक तारखेला फोटोसह तक्रार केली आहे. आपणास दिलेला २८,००० रुपयांचा चेक आम्ही हरकत नोंदवून वटू देत आहोत. याचा अर्थ माल स्वीकारला असा होत नाही. काच बदलून मिळण्याचा अथवा रक्कम परत मिळण्याचा आमचा हक्क कायम आहे.’ बस. त्यात शिव्या नकोत, ‘फसवणूक’ हा शब्द नको, पोलिसांचं नाव नको. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे दाखवणं वेगळं काम आहे, आणि उद्या शोरूमवाल्याने ‘गोदामातून चुकीची शीट निघाली’ म्हटलं तर तुमचं ते पत्रच तुमच्यावर उलटेल.

आता काचेकडे वळू. टफन केल्यावर झाक येते, हे उत्तर चुकीचं आहे. काच सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोतात झपाट्याने गार करतात, त्याने ताकद वाढते. हिरवा रंग त्यातून येत नाही, तो कच्च्या मालातल्या लोहामुळे येतो. साध्या क्लिअर काचेत लोहाचं ऑक्साइड साधारण ०.१ टक्के असतं, एक्स्ट्रा क्लिअरमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे फरक शीट बनली तेव्हाचाच आहे. ए आणि बी या पर्यायांत ११,५०० रुपयांचं अंतर होतं ते याच गोष्टीसाठी.

पण तुम्हीही जपून लिहा. एक्स्ट्रा क्लिअर काच सुद्धा पूर्ण बिनरंगी नसते, कडेने पाहिलं तर पुसट निळसर-हिरवी छटा दिसते. त्यामुळे तक्रारीत ‘काच हिरवट आहे’ एवढंच लिहिलंत तर समोरचा वकील आरामात म्हणेल, ‘थोडी असतेच.’ तुमचं म्हणणं असं हवं : ऑप्शन बी ठरला होता, बसवला ए. हे सिद्ध करायला रंगाची चर्चा फार लागत नाही, कागद लागतात. कोटेशन आणि ‘ऑप्शन बी फायनल’ हा तुमचा मेसेज, हे दोन तुमच्या हातात आहेत. बिलावर नुसतं ‘टफन ग्लास’ लिहिलंय म्हणून घाबरू नका. बिलावरचा ६८,०००चा आकडा कोटेशनमधल्या बी पर्यायाशी तंतोतंत जुळतो, हे उलट तुमच्या बाजूने आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र सोबत जोडा. फोन बदलायचा विचार असेल तर पुढे ढकला.

शोरूममध्ये तुम्हाला नमुना दाखवला असणार. वर्णनाप्रमाणे आणि नमुन्याप्रमाणे माल हवा, असं माल विक्री अधिनियमाची कलमं १५ आणि १७ सांगतात. तरी नमुन्यावर सगळी मदार ठेवू नका. काच जितकी जाड तितका रंग गडद. शोरूमच्या टेबलावरचे हातात मावणारे तुकडे पुष्कळदा ५ किंवा ६ एमएमचे असतात. तुमचा नमुना दहाचाच होता याचा फोटो असेल तर उत्तम, नाही तर तो मुद्दा दुय्यम ठेवा.

काच तपासायची कशी, इथे गंमत आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे ग्राहक तक्रार आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कापडाचा तुकडा कापून देता येतो, तेलाची बाटली सीलबंद करता येते. टफन काचेचा कोपरा कापायला गेलात तर अख्खं पार्टिशन बारीक दाण्यांत खाली येईल. म्हणून नमुना काढण्याच्या भानगडीत पडू नका, कुणाला पडूही देऊ नका. दिवसाउजेडी, दिवे बंद करून, काचेमागे पांढरा कोरा कागद धरून फोटो घ्या. कडेचा जवळून फोटो घ्या आणि शेजारी १० एमएम एक्स्ट्रा क्लिअरचा तुकडा ठेवा. साताऱ्यातला कुठलाही मोठा काचवाला तो मागवून देईल. तुमच्या घराचं काम केलेल्या आर्किटेक्टने हे पाहून शपथपत्र दिलं तर बहुतेक पुरे होतं.

खरा हुकमी कागद तुमच्याकडे नाही, तो शोरूमवाल्याकडे आहे. शोरूम काच टफन करत नाही. ती माप देऊन कारखान्यातून करून आणते. त्या कारखान्याच्या चलनावर (माल पाठवल्याच्या कागदावर) आणि बिलावर काचेचा प्रकार लिहिलेला असतो. तुमच्या पत्रातच त्याची प्रत मागा. देणार नाही, हे ठाऊक असूनही मागा. आयोगाला कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मागूनही न दिलेल्या कागदाबद्दल आयोगाचं मत काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आयएसआय मार्काचं उत्तर एका ओळीचं. आयएस २५५३ हे सुरक्षेचं मानक आहे, काच फुटली तर माणसाला इजा कमी व्हावी म्हणून. रंग कोणता मागितला होता, याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी काचेच्या कोपऱ्यावरचा शिक्का स्वतः बघा आणि परवाना क्रमांक आयएसआय मार्क देणाऱ्या संस्थेच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासा. शिक्काच नसेल तर तुमची तक्रार बरीच गंभीर होते, मग मला पुन्हा लिहा.

बिलाखालच्या दोन छापील ओळींना भिऊ नका. सदोष माल परत घ्यायला आणि बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पुण्याच्या कक्षेचंही तसंच. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं, ही सोय याच कायद्याने कलम ३४ मध्ये दिली. म्हणजे तुमचं प्रकरण सातारा जिल्हा आयोगात चालेल, आणि पुण्याहून यायचं ते त्यांनी. चेक वटू द्या म्हणतोय ते यासाठीही.

‘महिनाभर वापरली’ हा मात्र त्यांचा खरा मुद्दा आहे. वाजवी वेळेत नाकारला नाही तर माल स्वीकारला असं धरतात, आणि मग परत देण्याऐवजी भरपाईचा हक्क उरतो. तुम्ही दुसऱ्याच दिवशी तक्रार केलीत म्हणून तुमची बाजू मजबूत आहे. रोजच्या वापराचं बाथरूम कुणी महिनाभर कुलूप लावून ठेवत नाही, हे आयोगालाही कळतं.

काच बदलून मिळेल का? आयोग तसा आदेश देऊ शकतो. माझं मत विचाराल तर मागणी काच बदलण्याची आणि पैसे परत मिळण्याची, दोन्हीची करा, पण फरकाच्या रकमेवर तडजोड व्हायची शक्यता जास्त धरा. बिजागऱ्यांची भोकं टफन करण्यापूर्वीच पाडावी लागतात, त्यामुळे तुमच्या मापाची उतरवलेली काच त्यांना दुसरीकडे विकता येत नाही. बदलणं त्यांना फार महाग पडतं, म्हणून ते हटून बसतील. ११,५०० आणि तक्रारीचा खर्च हे त्यांना परवडतं. तुम्हाला त्या हिरव्या झाकेसोबत राहता येईल का, हे घरात बसून ठरवा. ‘मानसिक त्रासाबद्दल पाच लाख’ असला आकडा टाकू नका, त्याने तक्रारीचं वजनच कमी होतं. आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडत असतील तर ते या तक्रारीत अजिबात आणू नका.

पत्राला पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथला तोडगा बंधनकारक नसतो, पण फोन गेला की काही दुकानदार वठणीवर येतात. नाही आले तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. काच बसल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. समोरच्याला उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा मिळतात. त्यापुढे एक दिवसही वाढवून मिळत नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं कायद्यात लिहिलंय. तुम्ही मनाशी त्याहून बरेच जास्त धरा.

आणि मध्येच त्यांनी काच बदलायची तयारी दाखवली, तर जुनी काच उतरवण्याआधी लिहून घ्या : नवी काच १० एमएम एक्स्ट्रा क्लिअर टफन असेल, कारखान्याच्या चलनाची प्रत सोबत मिळेल, भिंतीतली जुनीच भोकं वापरली जातील आणि टाइल फुटली तर भरून दिली जाईल. पैसे परत देत असतील तर पावतीवर कशाबद्दल हे नीट लिहा. नुसतं ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका, कारण उद्या दाराची बिजागरी सुटली तरी ते तोच कागद पुढे करतील.