'सामुराई चॅम्प्लू' बघण्यासारखी आहे का? बरेच जण म्हणतात कथा भरकटते, ते खरं का?

बघाच. २००४ साली आलेली शिनिचिरो वातानाबे यांची ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, फक्त २६ भागांची. फू नावाची मुलगी 'सूर्यफुलांचा वास येणारा सामुराई' शोधायला निघते आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन तलवारबाज, मुगेन आणि जिन, तिच्यासोबत चालू लागतात.

भरकटते म्हणणाऱ्यांचं थोडं खरं आहे. मधले बरेच भाग सुटे आहेत, एका भागात तर एदो काळात, म्हणजे सामुराईंच्या जुन्या जपानात, चक्क बेसबॉलचा सामना होतो! पण नावातच त्याचं उत्तर आहे. 'चॅम्प्लू' आलं 'चांपुरू'वरून, आणि जपानच्या ओकिनावा बेटांवर 'चांपुरू' म्हणजे भाज्या, टोफू असं सगळं एकत्र परतून केलेला पदार्थ. इथेही तलवारी आणि हिप-हॉप संगीत एकाच कढईत आहेत.

मला सगळ्यात आवडतात त्या लढाया. जिनचा वार सरळ, मोजून मापून. मुगेन मात्र हातांवर उलटा होऊन लाथा घालतो, जणू ब्रेकडान्सच. कोण लढतंय ते चेहरा न बघताही कळतं.

आणि चौदावा भाग! मुगेन मरणाच्या दारात असतो आणि तलवारींचा आवाज थांबून दक्षिण जपानातल्या आमामी बेटांकडचं एक लोकगीत सुरू होतं. शब्द कळत नाहीत, तरी अंगावर काटा येतो. संगीतकारांपैकी नुजाबेस २०१० मध्ये गेले, त्यांच्या इथल्या धून मी अजूनही ऐकते.

रक्तपात बराच आहे, त्यामुळे लहान मुलांसोबत नको. पहिल्या दोन-तीन भागांवरून मात्र मत बनवू नका.