घरी कलम करायला पपनस, महाळुंग अशा दुर्मिळ लिंबूवर्गीय झाडांची डोळाकाडी कुठून आणावी?

तुम्ही लिहिलंय की जंबेरीचे खुंट, म्हणजे ज्यांवर कलम करायचं ती रोपं, पेन्सिलीएवढे जाड झालेत, आता पपनस, महाळुंग आणि मकरुट (सुवासिक पानांच्या थाई) लिंबाची डोळाकाडी, म्हणजे कलमासाठी डोळे असलेली काडी, ओळखीच्यांच्या झाडावरून घ्यावी की परदेशातून मागवावी. कुठून ते सांगतोच. पण झाडाला फळ गोड लागतंय म्हणजे झाड निरोगी आहे, या समजुतीपायी माझी तीन मोसंबीची झाडं गेली, म्हणून आधी ते लिहितो.

माझं आजोळ बडोद्यातलंच, शियापुऱ्यात. परसात आजीनं लावलेलं पपनस आहे. आतून गुलाबी, कडवटपणा अगदी नावाला. गौरी-गणपतीला त्याची फळं आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे जायची, आजही जातात. आता तिथे मामेभाऊ राहतो, माझ्याहून मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो. पपनसाच्या बीत एकच गर्भ असतो आणि तोही परागातून आलेला, त्यामुळे बी लावून आजीचं फळ मिळणार नाही हे मला माहीत होतं. कागदी लिंबाचं तसं नाही, त्याची रोपं बहुतेक आईसारखीच निघतात. म्हणून २०१८ साली गणपती झाल्यावर दादाकडून काड्या आणल्या.

काडी निवडण्यात माझी चूक नव्हती. कोवळी, कोनदार फूट घेतली नाही. लांब काट्यांचे पानसोट, म्हणजे जोमानं सरळ वाढणारे फुटवे, घेतले नाहीत. गोल झालेली, हिरव्या सालीवर करड्या रेघा उमटू लागलेली काडी घेतली. झाडावरच पानं कापून देठाचं बोटाच्या पेराएवढं टोक ठेवलं. ओल्या फडक्यात, वरून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरी आणल्या आणि त्याच संध्याकाळी गच्चीवरच्या ड्रममधल्या तीन मोसंब्यांवर चार-चार डोळे भरले, म्हणजे सालीत चीर देऊन बसवले आणि पट्टीनं बांधले. अठराव्या दिवशी पट्टी सोडली. देठाच्या टोकाला बोट लावलं की ते अलगद गळून पडतं आणि खाली डोळा हिरवागार दिसतो, तेव्हा तो लागला समजायचं. टोक वाळून चिकटून बसलं असेल तर गेला. बारातले नऊ लागले. त्या दिवशी घरात मी श्रीखंड आणलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात मोसंबीची पानं पिवळी पडू लागली. दादाला फोटो पाठवले. म्हणाला, "झिंक मार." तीनदा फवारलं. नवी पानं तशीच. मग एक पान तोडून उन्हाकडे धरलं. मधल्या शिरेच्या डाव्या बाजूला पिवळा डाग होता, उजव्या बाजूला त्याच जागी गडद हिरवं. जस्त कमी पडलं तर दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या पडतात. इथे एका बाजूचं दुसरीशी जुळत नव्हतं. त्या वर्षीची फळं लहान, एका अंगाला झुकलेली, खालच्या टोकाला हिरवीच राहिलेली. कापली तर बिया काळपट, चिमलेल्या. पानं प्रयोगशाळेत पाठवली, पीसीआर चाचणीत ग्रीनिंग हा लिंबूवर्गीय झाडांचा जिवाणूजन्य रोग निघाला. आजीच्या झाडाची पानं मागून घेतली, त्यांतही तेच. पपनस हा रोग अंगात ठेवून बरीच वर्षं फळं देऊ शकतं. मोसंबीला ते झेपत नाही. यावर औषध नाही, मी तिन्ही झाडं मुळासकट उपटली.

दादाला हे सांगितलं तर त्याला ते लागलं. "आजीच्या झाडाला रोगट म्हणतोस?" आणि वर, "तुझ्या हाताला यश नाही." आजही कुठल्या लग्नात भेटलो की हेच ऐकवतो. हाताला यश नसतं तर बारातले नऊ डोळे लागले असते का? डोळा लागणं हाताचं काम आहे. डोळ्यातून काय येतं ते मातृवृक्षाचं, म्हणजे ज्या झाडाची काडी घेतली त्याचं. आजीच्या झाडावर माझा त्याच्याइतकाच जीव आहे, पण प्रेमापोटी रोग वाटत सुटायचं का? त्यानं त्या झाडाच्या काड्या आणखी किती जणांना दिल्या असतील, त्याची मला खरी काळजी आहे.

आता तुमचं. परदेशातून काडी मागवू नका, सामानात लपवून तर मुळीच आणू नका. वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि तो नियम योग्यच आहे. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त कलमं तयार करते, आधी तिथे विचारा. आणंदचं कृषी विद्यापीठही आपल्याला जवळच आहे. काडी मिळाली नाही तर कलमच विकत घ्या आणि तेच तुमचं मातृवृक्ष करा. मकरुटाचं रोप आता बऱ्याच रोपवाटिकांत असतं. महाळुंगाला डोळाकाडी शोधायची गरजच नाही, त्याची फांदी लावली तरी मुळं धरते. बाजारात बिजोरा म्हणून मागा.

ओळखीच्यांचंच झाड असेल तर दिवसाउजेडी जाऊन पानं बघा, पडलेली फळं कापून बिया बघा. खोडावर डिंक ओघळत असेल किंवा पानांवर खैऱ्या रोगाचे खरखरीत डाग असतील तर परत या. काडी घेतलीत तर एकाच खुंटावर भरा आणि तो वर्षभर बाकीच्यांपासून लांब ठेवा. ट्रिस्टेझा या विषाणूरोगाची शंका असेल तर त्यातला एक डोळा कागदी लिंबाच्या रोपावर भरा, कोवळ्या पानांच्या शिरा उजेडात पारदर्शक दिसल्या तर काय ते कळेल. चाकू प्रत्येक झाडानंतर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी यात बुडवा. चाकूवाटे पसरणाऱ्या एक्झोकॉर्टिस या रोगाला नुसतं स्पिरिट पुरत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. ग्रीनिंग सिला नावाचा बारीक किडाही पसरवतो, आणि तो कढीपत्त्यावर आणि कुंती या शोभेच्या झुडपावर आवडीनं राहतो. बडोद्यात कढीपत्त्याशिवाय गच्ची सापडायची नाही, माझ्याकडेही होता. दादा याच मुद्द्यावर बोट ठेवतो. पण त्याच गच्चीवर एक मोसंबी, दोन कागदी लिंबं आणि एक संत्रं होतं, त्यांच्यावर मी आजीचे डोळे भरले नव्हते. ती चारही आज धडधाकट आहेत, तपासूनही घेतली. शिवाय आजीच्या झाडाचा अहवाल आहेच. दादानं तो अजून वाचलेला नाही.

मे महिन्यात डोळे भरायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडच्या उन्हात ते सुकतात. पावसाळ्याच्या शेवटी साल सुटू लागते, तेव्हा भरा, जमिनीपासून वीतभर तरी वर. मकरुटाचं माझं रोप दोन वर्षांचं आहे, वेगळं ठेवलेलं. तोवर कुठे मिळालं नाही तर माझ्याकडे मागा, पण काडी कापायच्या आधी येऊन त्याची पानं स्वतः उन्हाला धरून बघा.