होमस्कूलिंग: नववीला साहित्य कोणतं घ्यावं?

घरी शिकणाऱ्या मुलांचे आईवडील आठवीपर्यंत बहुधा निर्धास्त असतात. नववी आली की साहित्याची, म्हणजे कथा-कविता-कादंबऱ्यांच्या अभ्यासाची, धास्ती सुरू होते. गणितात काय शिकवायचं ते ठरलेलं असतं, विज्ञानाची प्रकरणं समोर असतात. साहित्याच्या बाबतीत मात्र जो तो वेगळी यादी हातात देतो. मग माझ्याकडे प्रश्न येतो, जवळजवळ याच शब्दांत: "ताई, चुकीचा अभ्यासक्रम निवडला तर पुढे कॉलेजात अडेल का हो?"

इंदूरच्या रामबागेतलं एक कुटुंब हाच प्रश्न घेऊन आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलगी 14 वर्षांची, पाचवीपासून घरीच शिकणारी. आईनं अमेरिकेतल्या बहिणीला विचारून तिकडचा नववीचा साहित्याचा संच मागवला होता. आठवड्यांचे तक्ते, प्रश्नपत्रिका, उत्तरसूची, सगळं तयार. दिवाळीपर्यंत मुलीनं आपणहून पुस्तक उघडणंच सोडलं. जेवताना जिच्या हातातून पुस्तक काढून घ्यावं लागायचं, ती ही मुलगी. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "अभ्यासक्रम चुकला की मीच कमी पडते, तेच कळेना."

मी मुलीची वही मागितली. प्रत्येक पुस्तकासाठी तेच रकाने: कथानक, पात्रं, विषय, प्रतीकं. एका कादंबरीपुढे 'विषय: धैर्य'. पुढच्या कादंबरीपुढेही 'विषय: धैर्य'. उत्तरसूचीशी सगळं जुळत होतं. "यातलं कोण तुला अजिबात आवडलं नाही?" मी विचारलं. ती गप्प.

सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, परवा त्या गोष्टीवरून माझ्याशी भांडलीस, ते सांग की!"

दुपारी आजी दिवाळी अंकातल्या कथा मोठ्यानं वाचतात. नात मराठी सफाईनं बोलते, पण वाचताना अडखळते, म्हणून ऐकते. कथेतली बाई नवऱ्याचं आलेलं पत्र न फोडता परत पाठवते. आजींच्या मते तिनं हातानं संसार मोडला. मुलगी एकदम सरसावून बसली. "पत्र वाचलं असतं तर ती विरघळली असती. तिला ते माहीत होतं, म्हणून तर फोडलं नाही. आणि पत्रात काय होतं ते लेखकानंही शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणजे आपणसुद्धा तिच्यासारखंच न वाचता राहतो."

लेखकानं काय सांगितलं नाही आणि त्यामुळे वाचणाऱ्याचं काय होतं, हे या वयात स्वतःहून दिसणं फार मोलाचं आहे. नववी ते बारावीच्या साहित्यशिक्षणानं हीच नजर घडवायची असते. ती घरात होती, फक्त 'अभ्यासा'च्या तासाला तिला जागा नव्हती.

मी आईबाबांना सांगितलं, प्रमाणपत्राचा विचार वेगळा करा आणि वाचनाचा वेगळा. अमेरिकेतल्या आखणीत साधारणपणे नववीला साहित्यप्रकारांची ओळख, दहावीला जागतिक साहित्य, अकरावीला अमेरिकी आणि बारावीला ब्रिटिश साहित्य असतं. वर्षाचा एक विषय म्हणजे एक क्रेडिट (पूर्ण केलेला अभ्यास मोजायचं एकक), आणि गुणपत्रक बरेचदा पालकच तयार करतात. तिथे ते चालतं. आपल्याकडे कॉलेजच्या दारात मान्य मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, घरी केलेलं गुणपत्रक पुरत नाही. त्यामुळे इथल्या मुलीनं तो क्रम पाळलाच पाहिजे असं काही नाही. शिवाय तिथले बरेच संच ख्रिस्ती धर्मदृष्टीतून बांधलेले असतात. त्यात वावगं काही नाही, पण पैसे भरण्याआधी नमुना प्रकरण वाचून ते माहीत करून घ्यावं.

प्रमाणपत्रासाठी या घराला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान, म्हणजे एनआयओएस, हे शाळेत न जाता परीक्षा देता येणारं सरकारी मंडळ सोयीचं होतं. दहावीला 14 वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, त्यांत एक किंवा दोन भाषा, वर्षातून दोनदा परीक्षा, 20 टक्के गुण घरून लिहून द्यायच्या गृहपाठाला. भाषांमध्ये मराठीसुद्धा आहे, हे ऐकून आजी खुर्चीत पुढे सरकल्या. भाषेच्या या पेपरची तयारी, उतारे, व्याकरण, पत्रलेखन, शेवटचे काही महिने नेटानं केली तर होते. त्यासाठी सगळं वर्ष तक्त्यांना जुंपायची गरज नाही.

उरलेल्या वर्षासाठी यादी मुद्दाम लहान ठेवली: इंग्रजी दोन कादंबऱ्या, एक नाटक, हिंदी-मराठी कथा आणि आठवड्याला एक कविता, मोठ्यानं वाचून. आधीच्या संचातलीच दोन पुस्तकं घेतली, रकाने मात्र बंद. एक पुस्तक घरातल्या आणखी एका माणसानंही वाचायचं आणि त्यावर बोलायचं, ही माझी एकमेव सक्ती. लेखन महिन्यातून एकदा, दोन पानं, पण तेच पुन्हा सुधारून लिहायचं. दुसऱ्या खर्ड्यात मूल खरं शिकतं, आणि तयार संचांत नेमकी तीच पायरी बरेचदा गाळलेली असते. संच घ्यायचाच असेल तर मी आधी दोन गोष्टी बघायला सांगते: एकच उत्तर नसलेले प्रश्न त्यात आहेत का, आणि पुनर्लेखनाला वेळ ठेवलाय का.

बाबांना तीन भाषांच्या खिचडीची भीती वाटत होती. मी त्यांना मुक्तिबोध बंधूंची आठवण दिली. गजानन माधव हिंदीतले एवढे मोठे कवी, सख्खे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले. ग्वाल्हेर संस्थानात राहणाऱ्या एकाच मराठी घरातले दोघे. आपल्या भागातल्या मुलांना दोन-तीन साहित्यांत सहज पाय ठेवता येतो, ही श्रीमंती आहे आणि ती अभ्यासक्रमात दिसायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या भेटीला मुलीनं त्याच पत्राच्या कथेवरचा निबंध आणला. पहिल्या खर्ड्यात आजींचं मत चुकीचं ठरवलं होतं. दुसऱ्यात आजींना तसं का वाटतं, यावर एक अख्खा परिच्छेद होता. मराठीत ती अजून हळूहळूच वाचते आणि कविता तिला फारशा रुचत नाहीत. दहावीचा अर्ज भरला आहे, भाषा इंग्रजी आणि मराठी. अकरावीचं काय, असं आईनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, आता यादी मुलीला करू द्या, तुम्ही फक्त त्यातलं एक पुस्तक तिच्याबरोबर वाचा.