पोलंडबाहेरच्या पोलिश लोकांना 'पोलोनिया' का म्हणतात? ते तर पोलंडचंच नाव ना?

हो, पोलंडचंच, पण लॅटिनमधलं. पोलिश माणूस देशाला 'पोल्स्का' म्हणतो. 'पोलोनिया' हे नाव बाहेर गेलेल्यांना चिकटलं.

पण बाहेरच्या सगळ्यांनाच म्हणायला जाऊ नका. मी तोंडावर पडलोय.

पोलंडमधल्या ग्दान्स्कला नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. घरमालकीण आजी ऐंशी ओलांडलेल्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर घरच्यांनी त्यांना विल्नोहून, म्हणजे आताच्या विल्नियसहून, इकडं आणलेलं. युद्धाआधी ते शहर पोलंडमध्ये होतं, आता लिथुआनियात आहे. २ मेला टीव्हीवर पोलोनिया दिनाच्या बातम्या चालल्या होत्या. मी मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये विचारलं, "म्हणजे तिकडं राहिलेली तुमची आतेबहीण पोलोनियाच की?" आजी खसखशीचा रोल कापत होत्या. सुरी खाली ठेवली.

"पोलोनिया शिकागोत. ती कुठं गेली? जन्मली त्याच घरात आहे. देशच तिच्या दारातून उठून गेला."

त्या दिवशी मला मिळालेला काप बराच पातळ होता.

मी बेळगावचा. म्हणून हे जिव्हारी लागलं. पुण्याचे आमचे भावोजी गेली वीस वर्षं आम्हाला 'बृहन्महाराष्ट्रातली मंडळी' म्हणतात. अहो, बृहन्महाराष्ट्र म्हणजे इंदूर, बडोदा, जिथं मराठी माणूस जाऊन राहिला ते. आमचे आजोबा कुठं गेले? मुंबई राज्यात झोपले आणि १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात उठले. घर तेच, परसातली विहीर तीच.

आता हेही खरं, की बोलताना पुष्कळ पोलिश लोक सरसकट सगळ्यांनाच पोलोनिया म्हणतात. पण २००२ पासून पाळतात त्या दिवसाचं सरकारी नाव 'पोलोनिया आणि परदेशातील पोलिश लोकांचा दिवस' असं आहे. तो 'आणि' उगाच नाही घातलेला. शिवाय तिसराही प्रकार आहे: कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ राहिलेले पाचेक हजार पोलिश. त्यांना सोव्हिएत सरकारनं घरातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानकडं नेलं होतं. त्यातले बरेच पुढं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेले आणि पोलोनिया झाले. आणि आजींच्या लोकांनी जे भोगलं त्याची बेळगावशी बरोबरी मी करत नाही. आमची घरं तरी राहिली.

तर विल्नोकडचं कुणी भेटलं तर आधी विचारा, तुम्ही हललात की सरहद्द.

आणि भावोजी, वाचत असाल तर यंदा गणपतीला या. पाहुणे तुम्ही असाल.